चांगला कान

आठवडी बाजारात लाखोळीची डाळ मापून घेत होते, तेवढ्यात आमच्या ऑफिसातल्या तुलाराम लाइनमनची बायको चंद्रभागाबाई समोर येऊन उभी राहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि एकेक शब्द सुटा करून ओरडली, "निर्मलाबाई! बरं आहे ना जी?" आजूबाजूच्या चार बायांनी माना वळवल्या. डाळवाल्यानं माप हातात तसंच धरलं. मी म्हटलं, "बरं आहे. पण एवढ्या ओरडून कायले राहिल्या?" तिनं जीभ चावली, इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज तसाच मोठा ठेवून, फक्त चेहरा पाडून म्हणाली, "नाही जी, मोठ्यानं बोललं तर बरं ऐकू येत असंल तुमाले, म्हणून म्हटलं. किती सोसलं बापा तुम्ही." आणि माझ्या गालावरून हात फिरवला. बाजारात. चारचौघांत. मी काही लग्नातली नवरी नव्हते, आणि नुकती विधवाही झाले नव्हते.

डाळ तशीच टाकून मी निघाले. मागून डाळवाला "अवो बाई, माप झालं ना" म्हणत होता, तेही ऐकू आलं, चांगलं ऐकू आलं. संताप असा आला होता की परत जावं, तिच्या हाताला धरावं आणि विचारावं, तुले कोणी सांगितलं गं मला ऐकू येत नाही म्हणून? पण विचारायची गरज नव्हती. माझा एक कान गेलेला आहे ही गोष्ट मी जगात कोणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, कोंढ्याच्या भावाला नाही, डॉक्टरला तर नाहीच नाही. ज्या एका माणसाला ती ठाऊक असू शकते, तो माझ्याशीसुद्धा त्याबद्दल कधी अवाक्षर बोललेला नाही. आणि तुलाराम लाइनमन शनिवारी संध्याकाळी दारू सोडलेल्यांच्या त्याच खोलीत जाऊन बसतो, जिथे आमचे हे जाऊन बसतात. म्हणजे हे तिथं बोलले. मला नाही सांगितलं, त्यांना सांगितलं. आणि तुलारामनं घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि बायकोनं बाजाराला. तार सुद्धा एवढ्या लवकर जात नाही.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर बसते, गावोगावचे कॉल जोडून देते. कानाची नोकरी. हेडसेटचं गोल एकाच कानावर बसतं आणि दुसरा कान मोकळा ठेवायचा असतो, सुपरवायझरची हाक ऐकायला. माझा चांगला कान हेडसेटखाली आणि मोकळा कान बहिरा. अशी बाई एवढी वर्षं बोर्डावर कशी टिकली, याचं मलाच कधी कधी नवल वाटतं. भिंतीकडची शेवटची खुर्ची मी कोणाला घेऊ देत नाही. मला वारा सहन होत नाही म्हणून सांगून ठेवलं आहे, आणि त्या खोलीला खिडकीच नाही, हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही. सुपरवायझर हाक मारतो तेव्हा बाकीच्या मान वळवतात, मीही वळवते, अर्ध्या क्षणानं. ताराबाई म्हणते, "निर्मला मोठी गंभीर आहे बापा, लगेच ओ देत नाही." लोक आपल्या खोटेपणाला केवढी चांगली चांगली नावं देतात. हे ऑफिसात कळलं तर काय होणार ते मला पाठ आहे. मेडिकल होईल, मग बोर्डावरून उठवतील आणि बिलांच्या खिडकीत बसवतील. सगळे गोड बोलतील. आणि माझ्या जागी कोणीतरी दोन्ही कानांची येईल. मला या आयुष्यात एकच जागा अशी मिळाली होती जिथे मी हात पुढे केला की दोन गावं एकमेकांशी बोलायला लागतात, आणि मी हात काढला की गप्प होतात. घरी माझ्या हाताला ही किंमत नव्हती.

बसमध्ये मी डाव्या हाताची खिडकी धरून बसले. ही बसायची जागाही ठरलेली. बाजूचं माणूस चांगल्या कानाकडे येतं. बस भंडाऱ्यातून निघाली की जवाहरनगर, म्हणजे यांच्या फॅक्टरीची क्वार्टरं, येईपर्यंत मी रोज डोळे मिटते, त्या दिवशी मिटले नाहीत. किती वर्षं झाली? आणीबाणीच्या आधीचा उन्हाळा. हे संध्याकाळीच पिऊन आले होते. शर्टाची बटणं एक काज सोडून लावलेली, त्यामुळे शर्टाचं एक टोक वर, एक खाली, आणि त्या अवतारात दारात उभं राहून म्हणत होते, "या घरात मले इज्जत नाही." मला हसू आलं. आता हसू आलं त्याला मी काय करू? आजही त्या बटणांची आठवण आली तर मला हसूच येतं. एक ठेवून दिली त्यांनी. मी खाली बसले नाही. हातात होता तो पोळपाट मी फेकून मारला, यांच्या भुवईवर लागला, रक्ताची धार लागली. दुसऱ्या दिवशी यांनी फॅक्टरीत सांगितलं, दारावर आपटलो. यांच्या मित्रांनी हळद लावली, टाक्यांची चौकशी केली. माझं काही दिसण्यासारखं नव्हतं. काही दिवस कानात रातकिडा बसल्यासारखा आवाज येत होता. मग एके दिवशी रातकिडा गेला, आणि त्याच्याबरोबर सगळंच गेलं. मी कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? लोक म्हणणार, बिचारी. मला बिचारी व्हायचं नव्हतं. लाथा खाऊन उभी राहणारी बाई चालते मला, पण बिचारी नाही.

पिणं काही त्या दिवशी थांबलं नाही. उलट एकमेकांचं काही देणं फिटल्यासारखं ते निवांत प्यायला लागले. रविवारी विहारात पंचशील म्हणताना चार शीलं खणखणीत म्हणत, पाचवं, म्हणजे दारूचं, आलं की यांना खोकला यायचा. दर रविवारी, नेमका तिथंच. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हसायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, जसा काही खोकला मीच पाठवला होता. मी काय काय नाही केलं. आंबागडच्या एका माणसाकडून मुळी आणून चहात उगाळून दिली, तर यांना तीन दिवस जुलाब झाले आणि चौथ्या दिवशी अशक्तपणा आला म्हणून जास्त प्याले. भावानं कोंढ्याला नेऊन ठेवलं, तर यांनी त्याच्याच गड्याला कामाला लावून मोहाची आणवली. मूल झालं की सुधारेल म्हणत, मूल झालं नाही. त्याचा दोष लोकांनी आधी मला दिला, मग दारूला, मग परत मला. आणि बसस्टॉपजवळ नालीच्या कडेला हे आडवे पडलेले असले की क्वार्टरांमधलं कोणीतरी पोरगं पाठवून निरोप यायचा, "निर्मलाबाईचा नवरा पडून आहे." तिथं नाव माझं. पिणारे ते, आणि नाव माझं.

ती खोली मी शोधली. कशी शोधली हे एका माणसाशिवाय कोणाला माहीत नाही, आणि मी कोणाला सांगूही शकत नाही, कारण ती मी चोरून शोधली. एका दुपारी नागपूरहून भंडाऱ्यातल्या एका दुकानाला कॉल होता. मी जोडून दिला आणि आवाज पोचला का बघायला थांबले. तेवढं थांबावंच लागतं. नागपूरचा माणूस म्हणाला, "शनिवारी किती आले?" इकडचा म्हणाला, "सात. एक जण परत प्यायला लागला. बाकीचे कोरडे आहेत." त्या क्षणी मी ऐकायची कळ वर करायला पाहिजे होती. पहिल्या दिवशी आम्हाला शिकवतात ते हेच, की बोर्डावर ऐकलं ते बोर्डावरच सोडून उठायचं. मी कळ वर केली नाही. बोटं कळीवर होती आणि मी ऐकत राहिले. नागपूरचा माणूस सांगत होता, पडला त्याला रागावू नका, पुढच्या शनिवारी घरी जाऊन घेऊन या, आपणही पडलोच होतो ना. दारुड्याशी इतक्या मायेनं बोलणारा आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता. माझा स्वतःचाही नाही.

दुकान हिरालाल शेठचं होतं, लोखंडी सामानाचं. मी गेले आणि बिजागऱ्या मागितल्या. त्यांनी मापाप्रमाणे काढून कागदात बांधल्या आणि विचारलं, "आणखी काय देऊ?"

"शनिवारी कुठं जमता तुम्ही लोक?" मी म्हटलं.

त्यांचा हात दोऱ्यावर थांबला. "कोण लोक?"

"कोरडे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही एक्स्चेंजात आहे ना जी?" मी बिजागऱ्यांचे पैसे मोजून ठेवले. ते म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही ऐकलं ते मी ऐकलं नाही. कोणासाठी पाहिजे?" मी सांगितलं, नवऱ्यासाठी. ते म्हणाले, "घेऊन या. जनावरांच्या दवाखान्यामागं खोली आहे. फक्त एक नियम आहे आमचा. खोलीत बोललेलं खोलीतच ठेवायचं." मी म्हटलं, "आमचाही तोच आहे." आणि आम्ही दोघं हसलो. तेव्हा ते हसू बरं वाटलं होतं. मोठ्या गावात एवढ्या शाळा, एवढी देवळं, आणि दारू सोडणाऱ्यांना जागा मिळाली ती बैलांच्या दवाखान्यामागं, याचंही तेव्हा काही वाटलं नाही.

हे माझ्या सांगण्यानं गेले असं मी म्हणणार नाही. यांचा पिण्यातला जोडीदार डोमा होळीनंतर रक्त ओकून मेला, त्याच्या मातीला जाऊन आल्यावर हे भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "कुठं आहे म्हणत होतीस ती खोली?" पहिल्या शनिवारी मी त्यांना तिथवर सोडून आले. बाहेर एक आजारी म्हैस बांधली होती, तिच्याशेजारी मी उभी राहिले. आतून बोलण्याचा आवाज येत होता आणि मधून मधून टाळ्या वाजत होत्या. एकाचं बोलून झालं की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही त्यांची पद्धत. मी म्हटलं, असू दे, टाळ्या तर टाळ्या. बाहेर आले तेव्हा यांचे डोळे लाल होते, पण प्यायल्यासारखे नव्हते. बसस्टँडवर यांनी मला उसाचा रस घेऊन दिला. लग्नानंतर पहिल्यांदा.

आणि मग हे खरंच सुटले. मी खोटं का बोलू? महिना गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. हे संध्याकाळी घरी यायला लागले, भाजी आणायला लागले, चादरींच्या घड्या घालायला लागले. विहारात पाचवं शील असं मोठ्यानं म्हणायला लागले की बाकीचे बिचकायचे. आणि क्वार्टरांत एकच चर्चा, इश्वरभाऊनं दारू सोडली. काय माणूस आहे! काय जिद्द आहे! बाया आपापल्या नवऱ्यांना यांचं उदाहरण द्यायला लागल्या. मी जन्मात थेंब तोंडाला लावला नाही, मला आजवर कोणी म्हटलं नाही, काय जिद्द आहे बापा तुमची. पडणाऱ्यानं उठून दाखवावं, म्हणजे टाळ्या. जी उभीच होती तिच्याकडे कोण बघतो?

तरी मी खूश होते. हे कबूल केलं पाहिजे. आणि त्याला कारण होतं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या उन्हाळ्यानंतर हे जेवायला माझ्या उजव्या बाजूला बसायला लागले. आधी समोर बसत. कितीही पिऊन आले, धडपडत आले, तरी बसायचे माझ्या उजव्या हाताला. बाजही त्यांनी त्याच बाजूला सरकवली. मला कळलं, की यांना माहीत आहे. बोलत नाहीत, पण चांगल्या कानाशी येऊन बसतात. एवढी वर्षं मी त्या एका गोष्टीवर काढली. चिडले, रडले, दोनदा माहेरी जायची पेटी भरली, आणि मग जेवायची वेळ झाली की हे येऊन उजव्या बाजूला बसायचे आणि मी पेटी उघडून ठेवायची. पुरुषाला माफी मागता येत नाही, बाजू तर बदलता येते ना, असं मी मनाशी म्हणायची. बाकी काय होतं माझ्याजवळ?

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हिरालाल शेठच्या दुकानात गेले. म्हटलं, "खोलीतलं खोलीत राहते म्हणत होते ना? बाजारात आलं ते." त्यांनी ऐकून घेतलं, डोक्याला हात लावला, पोराला चहा सांगितला. "तुलारामले झाडतो मी," ते म्हणाले, "तुमचा राग बरोबर आहे जी. पण इश्वरभाऊले काही म्हणू नका. येत्या शनिवारी त्याचं वर्ष भरून राहिलं. शाल-नारळ ठेवला आहे, बायकामाणसांना बोलावलं आहे. अशाच वेळेस माणूस पडते, बाई. मी पाहिलं आहे. एका शब्दानं पडते."

"आणि हे माझ्या ऑफिसात गेलं तर?"

"नाही जाणार."

"बाजारात गेलं."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तुम्ही तर सोसणाऱ्या बाई आहे. इश्वरभाऊ देवी म्हणतात तुमाले, दर शनिवारी."

मी चहा घेतला नाही. देवी! म्हणजे दगडाची. परत जाताना रस्त्यानं मला एकच वाक्य सुचत होतं, आणि ते मी उरलेला दिवसभर बोर्डावर बसून मनात घोळवलं. आधी ते पीत होते म्हणून मी गप्प राहायचं, आता ते पीत नाहीत म्हणून मी गप्प राहायचं. साकोलीचा एक कॉल मी दोनदा चुकीच्या नंबराला जोडला. ताराबाईनं विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, ओरडू नकोस. ती बिचारी ओरडलीच नव्हती. बोर्डावरचे दिवे लागत होते आणि मी प्रत्येक दिव्याकडे असं बघत होते की आता यातून कोणीतरी म्हणेल, काय जी, तुमचा एक कान गेला म्हणे.

घरी आले तेव्हा यांनी चहा करून ठेवला होता. "डाळ नाही आणली काल?" यांनी विचारलं. मी म्हटलं, "विसरले." जेवायला हे येऊन बसले, उजव्या बाजूला. मी तोंड उघडलं होतं. सगळं जिभेवर आलं होतं, खोली, तुलाराम, बाजार. पण हे बाजूला बसून भात कालवत होते, मान खाली, भुवईवरची जुनी खूण दिसत होती, आणि माझ्या मनात एक हलकट आशा आली. यांनी सांगितलं तर खरं. परक्यांना का होईना, तोंडानं सांगितलं. तोंड उघडायला एवढी वर्षं लागली, कदाचित खोलीतून घरापर्यंत यायला आणखी थोडे दिवस लागतील. शनिवारी मी तिथं असणार. माझ्यासमोर सांगतील. एकदा मला ते यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्याच्यापुढे तुलाराम काय आणि त्याची बायको काय. मी भात वाढला आणि गप्प बसले. मला वाटतं जगातल्या सगळ्या बाया याच आशेनं मूर्ख होतात.

शनिवारी मी जांभळं पातळ नेसले. खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या, भिंतीला खुर्च्या लावल्या होत्या, आणि औषधांचा वास येत होता, जनावरांच्या. तुलाराम मागच्या बाजूला मान खाली घालून बसला होता, शेजारी चंद्रभागाबाई. तिनं मला बघून हात जोडले. बाकी पंधरावीस माणसं, सात-आठ बाया. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यात मला माझी सगळी कहाणी दिसत होती. हिरालाल शेठनं यांना शाल दिली, नारळ दिला. मग हे उभे राहिले. धुतलेला पांढरा शर्ट, बटणं बरोबर लावलेली. "माझं नाव इश्वर," हे म्हणाले, "मी दारुड्या आहे." सगळे एका सुरात म्हणाले, "नमस्कार, इश्वरभाऊ."

यांना बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात हे दहा शब्दांच्या वर कधी गेले नव्हते. इथं हे थांबत होते, पाणी पीत होते, परत बोलत होते. डोमाचं मरण सांगितलं तेव्हा एक म्हातारा रडला. मग यांनी उजवा हात वर केला आणि तो स्वतःच बघत राहिले. "हा हात," हे म्हणाले. "ती भाकरी थापत होती. हूं नाही की चूं नाही. मी या हातानं तिच्या उजव्या कानावर मारली. तिनं मान वर केली नाही. भाकरी थापतच राहिली. देवी आहे ती. त्या दिवसापासून तिचा उजवा कान गेला."

मला वाटलं जीभ घसरली. होतं बोलण्याच्या ओघात. पोळपाट सांगितला नाही, तेही मी मनातल्या मनात सोडून दिलं. लाज वाटली असेल. पण हे पुढे म्हणाले, आणि या वेळी आवाज खाली आणून, जसा काही सगळ्यात आतला कप्पा उघडतो आहे, "तिनं मले कधी सांगितलं नाही. मीच ओळखलं. म्हणून इतकी वर्षं मी जेवाले तिच्या उजव्या बाजूले बसतो. तिकडून तिले ऐकू येत नाही. मी तिकडून रोज तिची माफी मागतो. तोंडानं मागतो, हळूच. तिले ऐकू गेलं तर ती रडंल, म्हणून बहिऱ्या बाजूनं मागतो."

बाया पदरानं डोळे पुसत होत्या. चंद्रभागाबाई हुंदके देत होती. मी माझ्या उजव्या कानाला हात लावला. हेडसेटमुळे तिथं एक घट्टा पडला आहे. या कानानं मी नागपूर ऐकते, गोंदिया ऐकते, मुंबईची खरखर ऐकते, आणि एवढी वर्षं रोज जेवताना या माणसाला ऐकत आले. मोठ्यानं, मीठ कमी आहे. पाणी दे. उद्या पहिली पाळी आहे. भात गिच्च झाला. प्यालेले असले तर शिव्या, हळूच, पुटपुटत. त्याही मी ऐकल्या आणि मला वाटायचं, बिचारे नशेत बोलतात. माफीचा एक शब्द त्या बाजूनं कधी आला नाही. आला असता तर माझ्याएवढं चांगलं या जिल्ह्यात कोणी ऐकलं नसतं. आणि मी ज्याला माझी बाजू धरणं समजत होते, ते काय होतं ते आता मला दिसलं. बहिरी समजून बसत होते ते तिकडे. मनात येईल ते बोलायला मोकळे. माझी पेटी मी ज्याच्यासाठी दोनदा उघडली ते एवढंच होतं.

टाळ्या वाजल्या. खूप वेळ वाजल्या. हिरालाल शेठ डोळे पुसत माझ्याकडे आले. "बाई, दोन शब्द बोला," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत मला दुकानातलं तेच वाक्य दिसलं, एका शब्दानं पडते. हे माझ्याकडे बघून हसत होते, ओल्या डोळ्यांनी, शाल खांद्यावर. मी बसून राहिले असते तर चाललं असतं. हात जोडले असते तरी चाललं असतं. देवीनं तेवढंच करायचं असतं. मागं तुलाराम बसला होता. सोमवारी सकाळी तो ऑफिसात येणार, चहा पिणार, आणि मी इथं जे बोलेन ते दुपारपर्यंत सुपरवायझरच्या टेबलावर असणार, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. भिंतीकडची खुर्ची मला दिसली. तिच्यावर टांगलेला हेडसेट दिसला. मी उभी राहिले.

"कान डावा आहे," मी म्हटलं. आवाज बोर्डावर निघतो तसाच निघाला, सपाट. "उजवा चांगला आहे. त्याच्यावरच मी नोकरी करते. डाव्यानं काही ऐकू येत नाही, ऑफिसात कोणाले माहीत नाही, आता होईल. आणि मी भाकरी थापत नव्हते. मी हसत होते. मारल्यावर पोळपाट फेकून मारला मी, ती खूण आहे यांच्या भुवईवर, बघा. हे जेवाले बसतात त्या बाजूनं मले सगळं ऐकू येते. रोजचं सगळं. माफीचं काही ऐकलं नाही मी."

बाहेर एक जनावर हंबरलं. यांचा चेहरा मी बघत होते. त्यावरचं हसू अजून तसंच होतं, काढायला विसरल्यासारखं, आणि शाल एका खांद्यावरून खाली आली होती. मी बसले. मग त्या शांततेत एक टाळी वाजली, मग दुसरी, मग हळूहळू सगळ्यांनीच वाजवल्या, कारण बोलून झालं की वाजवायची तिथं पद्धत आहे. पहिली टाळी यांचीच होती.